चौकातल्या बोर्डावरचा हवेचा आकडा कुठून येतो, आणि त्यामागचा डेटा आपल्या हातात कसा येईल

मुलाच्या शाळेत पीटीचा तास सकाळी सातला मैदानावर असतो. मागच्या डिसेंबरात वर्गातली निम्मी पोरं खोकत होती तेव्हा पालकांच्या ग्रुपवर एकीने हवेच्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकला, आकडा शंभराच्या आत आणि खाली लिहिलेलं "समाधानकारक". पाच मिनिटांत दुसऱ्या एका बाबांनी वेगळ्याच ॲपचा टाकला, दीडशेच्या वर आणि लालभडक. दोघंही एकाच सोसायटीतले, वेळ तीच, मग अर्धा तास कुठलं ॲप खोटं यावरच वाद चालला आणि पोरांच्या खोकल्याचं राहिलं बाजूला. मी त्या दिवसापासून या विषयाच्या मागे लागले, आणि पहिली गोष्ट कळली ती ही की दोन्ही ॲप बरोबर होती.

कसं ते सांगते. हवेत खरं मोजलं जातं ते वजन, म्हणजे एक घनमीटर हवेत धुळीचे बारीक कण किती मायक्रोग्रॅम आहेत ते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज घ्या, हे नाकातल्या केसांना दाद देत नाहीत, थेट फुफ्फुसात खोल जातात. आता समजा हे कण ६० मायक्रोग्रॅम निघाले. आपल्या देशाच्या तक्त्यात ६० म्हणजे एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा, बोर्डावर आणि ॲपवर दिसणारा तो आकडा) १००, समाधानकारकच्या अगदी काठावर. अमेरिकेच्या तक्त्यात हेच ६० टाकले की १५४ येतो, म्हणजे सगळ्यांनाच अपायकारक. हवा एकच आहे, फूटपट्ट्या दोन आहेत. परदेशी कंपन्यांची बरीचशी ॲप अमेरिकेची फूटपट्टी वापरतात आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर ॲप आपली. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसाची मर्यादा १५ मायक्रोग्रॅमवर आणलीये, आपली ६० आहे, म्हणजे आपण ज्याला समाधानकारक म्हणतो ते त्यांच्या मर्यादेच्या चौपट असू शकतं. म्हणून मी तर आता एक्यूआय बघायच्या आधी मायक्रोग्रॅमच बघते, वजनाला कुठल्या देशाचा तक्ता लागत नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. आपला एक्यूआय हा या क्षणाचा आकडा नसतो, तो मागच्या २४ तासांची सरासरी असतो (ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइड सोडून, त्यांची ८ तासांची). म्हणजे सकाळी सातला बोर्डावर जो आकडा दिसतो त्यात कालची दुपार, कालची संध्याकाळ, मध्यरात्र सगळं कालवलेलं असतं. गणित करून बघा, दिवसातले २० तास हवा ४० मायक्रोग्रॅमवर आहे आणि सकाळचे ४ तास १५० वर. सरासरी येते साधारण ५८, एक्यूआय ९७ च्या आसपास, बोर्ड म्हणणार समाधानकारक. आणि आमची पोरं नेमकी त्या १५० वाल्या तासात मैदानावर पळत होती. बोर्ड खोटं बोलत नाही, पण आम्हाला हव्या असलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देऊच शकत नाही, त्यासाठी दर तासाचा वेगवेगळा आकडा लागतो. आणि तिथूनच डेटा लोकांना मिळतो का, हा मुद्दा सुरू होतो. बोर्डावर आकडा दिसणं आणि डेटा हातात येणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी हा आकडा जन्माला कसा येतो ते बघू, कारण ते कळल्याशिवाय त्यावर भरवसा किती ठेवायचा ते कळत नाही. सरकारी स्टेशन म्हणजे साधारण एक छोटी एसी खोली, छतावरून वर गेलेले पाइप. कण मोजायच्या मशीनमध्ये कागदाची एक लांब पट्टी असते, जुन्या टेपच्या रिळासारखी. पंप हवा ओढतो, वरच्या तोंडाशी मोठे कण गाळले जातात, उरलेली हवा पट्टीच्या एका ठिकाणातून जाते आणि तिथे धूळ बसते. पट्टीतून बीटा किरण सोडतात, धूळ बसायच्या आधी किती आरपार गेले आणि बसल्यावर किती, त्या फरकावरून धुळीचं वजन काढतात. तास झाला की पट्टी पुढे सरकते. म्हणजे एका तासाची हवा म्हणजे त्या पट्टीवरचा एक गोल ठिपका, थंडीतल्या सकाळचे ठिपके काळपट, पावसाळ्यातले जवळजवळ पांढरे. मला हे इतकं आवडलं ना, की शहराने श्वास घेतल्याची अशी तासातासाची खूण कुठेतरी रिळावर गुंडाळून ठेवलेली असते. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड मोजायचं मशीन वेगळं, ते आधी वायूचं रूप बदलून ओझोनशी भिडवतं आणि त्यातून जो बारीकसा उजेड पडतो तो मोजतं.

अशी स्टेशनं महाग, एकेक कोटीच्या घरात जातं, शिवाय वरचेवर कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय ना ते तपासून जुळवून घ्यावं लागतं, म्हणून ती मोजकीच असतात. पुण्यात दोन जाळी आहेत, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आणि दुसरं पाषाणच्या आयआयटीएमचं, म्हणजे उष्णदेशीय हवामान संस्थेचं, त्यांचं सफर. हे सफर आधी दिल्लीत २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्ससाठी उभं राहिलं, मग २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आलं. आता पाषाणला टेकडीच्या कुशीतलं स्टेशन आणि कर्वे रोडवरचं स्टेशन यांचे आकडे सारखे यावेत अशी अपेक्षाच चुकीची, पण "पुण्याचा एक्यूआय" म्हणून जो एकच आकडा बातमीत येतो त्यात दोन्ही मिसळलेले असतात. मुंबईत तर कुलाब्याला समुद्राचा वारा आणि देवनारला डंपिंग ग्राउंड, आणि बातमी म्हणते मुंबईची हवा मध्यम. म्हणून डेटा म्हणजे नुसता आकडा नाही, त्याच्याबरोबर स्टेशन कुठे आहे, रस्त्यापासून किती लांब, मशीन कुठलं, शेवटचं कॅलिब्रेशन कधी, हेही आलंच पाहिजे.

मग ही महागडी स्टेशनं कमी म्हणून छोटे स्वस्त सेन्सर आले, स्मार्ट सिटीत खांबांवर लावलेले बरेचसे तेच. ते कागदाच्या पट्टीच्या भानगडीत पडत नाहीत, आत एक लेझर असतो, कणावर आदळून उजेड किती विखुरला ते मोजतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. हा अंदाज आहे हे लक्षात ठेवायचं. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सरला वाटतं केवढी धूळ, त्यामुळे धुक्याच्या सकाळी किंवा मुंबईच्या दमटपणात ते फुगीर आकडा देतात. उपाय आहे, सेन्सर काही आठवडे सरकारी मोठ्या स्टेशनच्या शेजारी ठेवायचा, दोघांचे आकडे ताडून बघायचे आणि दुरुस्तीचं गणित बसवायचं. पण ते ताडून बघायला मोठ्या स्टेशनचा तासातासाचा डेटा खुला लागतो, तो नसेल तर शंभर सेन्सर लावून उपयोग नाही. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या साइटवर सेन्सर लावायची अट घातली, चांगली गोष्ट आहे, पण माझं म्हणणं एवढंच की त्या साइटच्या शेजारच्या चाळीत जी आजी धूळ खातेय तिला तो आकडा तिच्या फोनवर दिसला पाहिजे, नुसता ऑफिसातल्या स्क्रीनवर असून भागत नाही.

आता हातात कसा घ्यायचा ते. केंद्रीय मंडळाचं एक पोर्टल आहे, तिथे कुणीही जाऊ शकतं, लॉगिन लागत नाही, फक्त ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकावी लागतात. राज्य निवडायचं, शहर, मग स्टेशन, कुठले वायू हवेत ते, १५ मिनिटांची सरासरी हवी की तासाची, आणि तारखा, मग एक्सेल उतरते. मी पहिल्यांदा उतरवली तेव्हा आमच्या जवळच्या स्टेशनची डिसेंबरची घेतली. एकेका तासाची एकेक ओळ. दुपारच्या ओळी ठीकठाक, आणि सकाळी सात ते नऊच्या ओळी दुपारच्या दुपटीहून जास्त, महिनाभर, जवळपास रोज. ज्या स्टेशनच्या आकड्यावरून आम्हाला समाधानकारक सांगितलं होतं त्याच स्टेशनचा हा डेटा, आत हे सगळं होतं, फक्त सरासरीत विरघळून गेलं होतं. आणि मधेच सलग काही दिवस नुसतं "एनए, एनए, एनए", म्हणजे मशीन बंद किंवा लाइट गेली किंवा काय ते कुठेच लिहिलेलं नाही. या रिकाम्या चौकोनांबद्दल मला फार वाटतं, कारण हवा खराब असताना मशीन बंद असेल तर महिन्याची सरासरी आपोआप गुणी दिसते, आणि का बंद होतं ते लिहिलेलं नसेल तर आपण काय समजायचं.

पण नुसत्या हवेच्या डेटावरून पुढचा प्रश्न सुटत नाही, की सकाळी हे कशाने वाढतं. सगळे म्हणतात ट्रॅफिक. ग्रुपवरही तेच. पण दुपारी बारालाही त्या रस्त्यावर गाड्या काही कमी नसतात, मग दुपारी आकडा का उतरतो? याचं उत्तर गावाकडे थंडीत राहिलेल्या माणसाला माहितीये. पहाटे चुली पेटल्या की धूर वर जायचा सोडून गावावर आडवा पसरतो, छपरांच्या थोडा वर, एकदम सपाट, जणू कुणी चादर अंथरलीये, आणि ऊन तापलं की दहाच्या सुमाराला ती चादर विरून जाते. थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड, वरची हवा त्यामानाने गरम, त्यामुळे खालची हवा वर जाऊच शकत नाही, पातेल्यावर झाकण बसल्यासारखं होतं. शहरात त्या झाकणाखाली चुलीच्या धुराऐवजी गाड्यांचा धूर, शेकोटीचा, जाळलेल्या कचऱ्याचा, बांधकामाच्या धुळीचा साठा होतो. सातला झाकण अजून बसलेलं असतं आणि त्याच वेळी शाळांच्या बस, व्हॅन, दुचाक्या सगळ्या एकदम निघतात. तेवढ्याच गाड्या दुपारी गेल्या तर धूर वर मिसळून पातळ होतो. म्हणून गाड्या किती आणि हवा कशी, हे दोन्ही एकाच तासाचं, एकाच जागेचं शेजारी शेजारी मांडलं तरच कळतं की दोष गाड्यांचा किती आणि झाकणाचा किती. वर आणखी गंमतीची गोष्ट, रस्त्यालगत ओझोन उलट कमी दिसतो कारण गाड्यांचा ताजा धूर त्याला खातो, आणि शहराच्या कडेला जिथे वाटतं हवा शुद्ध आहे तिथे दुपारी तो वाढतो. एकाच वायूवरून जागा चांगली-वाईट ठरवू नये ते यासाठी.

आणि ट्रॅफिकच्या डेटाबाबत मात्र आपण अगदीच रिकाम्या हाताने आहोत. मोजणी होत नाही असं नाही. सिग्नलला कॅमेरे आहेत, काही ठिकाणी डांबराखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं, वरून लोखंड गेलं की तारेतला विजेचा प्रवाह बदलतो आणि एक गाडी मोजली जाते. लेन पाळणाऱ्या शहरात हे छान चालतं, आपल्याकडे एका लेनमध्ये रिक्षा, तिच्या बगलेत दोन स्कूटर आणि मागून टेम्पो म्हटल्यावर वेटोळं गोंधळतं, म्हणून आता भर कॅमेऱ्यावर आहे. नवीन सिग्नल या मोजणीवरच हिरव्याची वेळ कमीजास्त करतात. म्हणजे दर मिनिटाला कुठल्या चौकातून किती गाड्या गेल्या हे शहरातल्या कुठल्यातरी कंट्रोल रूमला माहिती असतं, पैसा आपल्या करातला, पण तो आकडा बाहेर येत नाही. आपल्याला मिळतो तो फोनवरच्या नकाशातला लाल रंग, आणि तो लोकांच्या फोनवरून काढलेला वेग आहे, गाड्यांची संख्या नाही. सुसाट जाणारे पन्नास डिझेल ट्रक नकाशावर हिरवे दिसतात आणि सिग्नलला थांबलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर लाल. धुराच्या हिशोबाला हा रंग फारसा कामाचा नाही.

मी शाळेसमोरच्या चौकासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला, तासाप्रमाणे गाड्यांची मोजणी द्या म्हणून. मुदत उलटल्यावर पाकीट आलं, आत तीन पानं झेरॉक्स, जुन्या सर्व्हेची, तीही वाकडी निघालेली, डावीकडचे आकडे कापले गेलेले, आणि एकूण बेरीज हाताने लिहिलेली. तासाप्रमाणे काहीच नाही. ज्या बाईंनी ते पाठवलं त्यांची चूक मी मानत नाही, त्यांच्याकडे फाइलमध्ये जे होतं ते त्यांनी दिलं. सिस्टीममध्ये डेटा असतो आणि फाइलमध्ये झेरॉक्स असते, आणि अर्जाला उत्तर फाइलमधून येतं.

खरं तर कायदा आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकार २००५ चा, त्यातलं कलम ४ सांगतं की लोकांनी मागायच्या आधीच खात्यांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करावी. २०१२ मध्ये केंद्राने सरकारी डेटा खुला करायचं धोरण आणलं आणि त्याच वर्षी सरकारी डेटाचं पोर्टल सुरू झालं, हवेचे ताजे आकडे तिथे एपीआयने मिळतात. एपीआय म्हणजे काय, तर खिडकी, पण माणसासाठी नाही, प्रोग्रामसाठी. आपण रोज हाताने एक्सेल उतरवायची त्याऐवजी एक छोटा प्रोग्राम दर तासाला त्या खिडकीशी जाऊन आकडा घेऊन येतो. मग एखादं कॉलेजचं पोर अख्ख्या शहरातल्या शाळांसाठी उद्याचा इशारा देणारं काहीतरी रात्रीत बनवू शकतं. शहरांच्या सेन्सरसाठी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर डेटा देवाणघेवाणीचं एक व्यासपीठ उभं राहिलं आणि पुण्याचा डेटा त्यावर सुरुवातीच्या शहरांमध्ये आला, म्हणजे जमत नाही असं अजिबात नाही. माझी काळजी वेगळी आहे. स्मार्ट सिटी मिशन मार्च २०२५ मध्ये संपलं, खांबांवरचे सेन्सर मागे राहिले, त्यांचं कॅलिब्रेशन आता कोण करणार, सर्व्हरचं बिल कोण भरणार, आणि जुन्या वर्षांचा डेटा कुठे ठेवलाय हे लोकांना सांगितलं पाहिजे. रस्ता उखडला तर दिसतो, डेटा गेला तर कुणाला दिसत पण नाही.

ट्रॅफिकचा डेटा खुला करा म्हटलं की एक आक्षेप येतो, प्रायव्हसीचा, आणि तो खरा आहे. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, आणि कुणाची गाडी रोज कुठे जाते हे कुणालाही दिसू लागलं तर ते भयंकर आहे, विशेषतः बायकांसाठी. पण आम्ही ते मागतच नाही. सात ते आठ, या चौकातून, दुचाकी इतक्या, कार इतक्या, बस इतक्या, ट्रक इतके. नंबर नको, फोटो नको, वेळही मिनिटाची नको, तासाची पुरे. नंबरप्लेट चौकातच पुसून नुसती संख्या पुढे पाठवता येते.

हे सगळं कशासाठी असं कुणी विचारलं की मी लंडनच्या एलाची गोष्ट सांगते. एला अडू-किसी-डेब्रा, ९ वर्षांची, लंडनच्या दक्षिणेला एका भयंकर वर्दळीच्या रस्त्यापासून अगदी जवळ घर. दम्याने जवळपास ३० वेळा हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. २०१४ च्या चौकशीत हवेचं नावही आलं नाही. तिची आई रोझामंड थांबली नाही. घरापासून साधारण मैलभरावर हवा मोजायचं स्टेशन होतं, त्याचे जुने आकडे साठवलेले होते, एका तज्ज्ञ डॉक्टरांनी ते काढून एलाच्या आजारपणाच्या तारखांशी ताडून बघितले. त्या आधारावर चौकशी पुन्हा उघडली गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये निकाल आला की तिच्या मृत्यूला हवेचं प्रदूषणही कारणीभूत होतं, ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच नोंदवलं गेलं. निकालात आणखी एक गोष्ट होती, की आईला या धोक्याची माहिती कुणी दिली नव्हती, दिली असती तर तिने काहीतरी केलं असतं आणि कदाचित मुलगी वाचली असती. ते वाचताना मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आकडे होते, मैलभरावर होते, सात वर्षांनी कामाला आले.

आमच्या शाळेचं म्हणाल तर मी डिसेंबरची ती एक्सेल छापून मुख्याध्यापिका बाईंकडे नेली, फक्त दोन रकाने ठेवले, तास आणि पीएम २.५, सकाळच्या ओळींवर पिवळा मार्कर. बाईंनी पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, फेब्रुवारीपर्यंतच करायचं ना? पीटी आता थंडीपुरती चौथ्या तासाला, साडेदहानंतर. सातच्या वेळेला आधी वाचनाचा तास असतो. गाड्यांच्या मोजणीचं आम्हीच मनावर घेतलंय, दर मंगळवारी दोन पालक गेटपाशी खुर्ची टाकून बसतात, वहीत दुचाकी, कार, व्हॅन, बस असे रकाने, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. ती वही महिन्याच्या शेवटी टाइप करून आम्ही ग्रुपवर टाकतो, आणि खाली लिहितो कोण बसलं होतं, किती वाजता सुरू केलं, आणि सव्वासातला पाऊस आला म्हणून दहा मिनिटं मोजणी थांबली होती.